विमानाचे छोटे इंजिन : थोड्या खर्चात, हात राखून

(द्वितीय वर्ष, कला)

बी.ए.च्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ‘हा विषय विज्ञान शाखेचा, तू आपला ग्रामीण कथेवर लिही,’ असा सल्ला वर्गमित्रांनी दिलाही. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या गावांतून या महाविद्यालयात येणाऱ्या कितीतरी मुलांचा पहिला संबंध ज्या यंत्राशी आला, ते यंत्र म्हणजे शेतावरचे ऑईल इंजिन होय. ते कसे सुरू करावे हे आम्हांला कोणत्या पुस्तकाने शिकविले नाही. वडील माणसांनी तोंडी सांगितले आणि आम्ही हँडल हाती घेतले. विमानाच्या प्रतिकृतीचे, म्हणजे मॉडेलचे इंजिन हे त्याच इंजिनाचे मुठीत मावणारे भावंड आहे. ते सुरू करण्याची रीत नीट समजली तर दोन्ही इंजिने समजतात आणि दोन्हींपासून हात वाचविता येतात. म्हणून हा लेख.

माझे एक मावसभाऊ पुण्याला शिकत असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होते. या शाखेची पहिली दोन पथके १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे उभी राहिली. कॅडेटांना विमानाची मॉडेले बनविणे व उडविणे शिकवितात. दादांनी तेथून हौस आणली आणि एक जुने, अडीच सी.सी.चे डिझेल इंजिनही विकत आणले. कलकत्त्यात ‘अरोरा’ नावाची अशी छोटी इंजिने बनत असत. त्यांच्यापैकीच ते एक आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी ते गावाबाहेरच्या पडीक शेतात कित्येकदा चालविले. पुढील माहिती त्या अनुभवातून आणि दादांनी शिकविल्यातून आली आहे.

पंखा हाताने फिरविण्याचा काळ

आज विमान वैमानिकाच्या कळीने सुरू होते. पूर्वी तसे नव्हते. जे.आर.डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, त्या काळात लहान विमानाचा पंखा जमिनीवरचा माणूस हाताने फिरवीत असे. पंखा फिरला की इंजिनातील पिस्टन हलतो, हवा व इंधन आत ओढले जाते, दाबले जाते आणि पेटते. पंखा फिरविणारा व वैमानिक एकमेकांना मोठ्याने ओरडून खूण देत आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा हात चालवीत नसत. ही शिस्त त्यांनी हौसेखातर पाळली नव्हती. पेटलेले इंजिन समोर कोणाचा हात आहे हे पाहत नाही.

मॉडेलचे इंजिन आजही असेच पंख्याला झटका देऊन सुरू करावे लागते. यंत्र लहान म्हणून धोका लहान, ही समजूत मात्र खोटी आहे. हिशेब करून पाहा. अडीच सी.सी.च्या इंजिनाला नऊ इंची पंखा बसतो आणि तो मिनिटाला दहा हजार फेरे सहज घेतो. पंख्याच्या टोकाने एका फेऱ्यात कापलेले अंतर सुमारे बहात्तर सेंटिमीटर होते. त्यावरून टोकाचा वेग ताशी ४३० किलोमीटरच्या आसपास निघतो. या वेगाच्या पातीपुढे बोट म्हणजे काकडीच.

दाबाने पेटणारे इंजिन

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे सर्वांनी अनुभवले आहे. हवा झटकन दाबली की ती तापते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरने याच तत्त्वावरचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याला ठिणगी लागत नाही. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्ससारख्या कारखान्यांनी हे इंजिन शेतापर्यंत आणले आणि विजेची तार पोहोचण्यापूर्वीच नदीचे पाणी वर चढू लागले.

शेतावरच्या इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा उडतो. मॉडेलच्या डिझेल इंजिनात एवढे नाजूक फवारायंत्र बसविणे शक्य नसल्याने इंधन व हवा आधीच मिसळून आत जातात आणि एकत्र दाबली जातात. म्हणून तेथे लवकर पेटणारे इंधन हवे. ते ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या साधारण समान भागांचे मिश्रण असते. ईथर पेट घेते, रॉकेल ताकद देते, एरंडेल वंगण पुरविते. आपल्या बांधावर आपोआप उगवणाऱ्या एरंडाचे हे तेल पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांच्या इंजिनांतही वापरीत, हे वाचून मला फार गंमत वाटली. सिलिंडरच्या माथ्यावर एक आडवी दांडी असलेला स्क्रू असतो. तो आत फिरविला की दाब वाढतो, बाहेर फिरविला की कमी होतो.

दुसरा प्रकार ‘ग्लो’ इंजिनाचा. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने १९४७ मध्ये त्याचा प्लग बाजारात आणला. या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करतात. एकदा इंजिन चालू लागले की सेल काढून घेतला तरी तार तापलेली राहते. याचे इंधन मिथेनॉल व तेल यांचे असते.

झटका परत कोठे येतो?

आता मुख्य मुद्दा. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच इंधन पेटले तर तो पुढे जाण्याऐवजी मागे ढकलला जातो आणि पंखा, किंवा हँडल, उलट दिशेने येते. यालाच आपल्याकडे ‘इंजिनाने लाथ मारली’ असे म्हणतात.

माझ्या मामांचे उजवे मनगट अशाच एका लाथेने मोडले. पावसाळ्याच्या तोंडाशी मिरचीच्या रोपांना पाणी द्यायचे होते आणि हँडलची खाच झिजलेली होती. दीड महिना हात गळ्यात होता. शेतात मजूर लावावा लागला, आणि माझ्या मामेबहिणीचे शहाद्याला अकरावीसाठी जाणे एक वर्ष लांबले. हातावर पोट असलेल्या घरात मोडलेल्या हाताचा खर्च दवाखान्याच्या कागदावर सगळा लिहिलेला नसतो. तेव्हापासून मामा प्रत्येक पोराला आधी एक गोष्ट दाखवितात : हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळवून पलीकडे घ्यायचा नाही. हँडल उलटले तर ते तळहातातून निसटून जाते, अंगठा सोबत घेऊन जात नाही. दुसरी गोष्ट अशी की, व्हॉल्व्ह उचलून धरणारा खटका वर ठेवूनच आधी जड चाकाला पुरेसा वेग द्यायचा आणि मग खटका सोडायचा. चाक मंद असताना घाईने खटका सोडला की लाथ बसण्याचा संभव वाढतो.

मॉडेलच्या इंजिनाला हँडल नाही आणि जड चाकही नाही. तेथे पंखाच चाक आणि पंखाच हँडल. म्हणून तेथला पहिला नियम असा : पंख्याला बोटाने झटका देऊ नये, दांडकीने द्यावा.

थोड्या खर्चातील तयारी

दांडकी : वीतभर किंवा थोडी अधिक लांब, अंगठ्याएवढी जाड लाकडी काठी घ्यावी. सायकलच्या निकामी ट्यूबचा तुकडा तिच्या टोकावर दोन-तीन पदरी चढवून घट्ट बांधावा. विकतची साधने मिळतात. परंतु या दांडकीला काही खर्च नाही आणि पात तुटली तरी बोट शाबूत राहते.

स्टँड : इंजिन हातात धरून कधीही सुरू करू नये. जाड सागवानी किंवा बाभळीच्या फळीला इंजिनाच्या मापाची खाच पाडावी, चार बोल्ट व वायसर घालून ते आवळावे आणि फळी जड टेबलाला किंवा जमिनीत रोवलेल्या खांबाला पक्की करावी. इंधनाची छोटी टाकी इंजिनाच्या मागे, सुईच्या पातळीला बसवावी.

पंखा : येथे काटकसर करू नये. पंखा लाकडाचा किंवा नायलॉनचा, इंजिनाला सांगितलेल्या मापाचाच असावा. धातूचा कधीही नसावा. मधल्या भोकातून गुळगुळीत खिळा घालून पंखा आडवा धरावा. एक बाजू सतत खाली जात असेल तर तिला बारीक पॉलिशपेपर मारून तोल साधावा. टोकांना पांढरा रंग द्यावा, म्हणजे फिरताना कडे दिसते. तडा गेलेला पंखा डिंकाने चिकटवू नये, मोडून टाकावा, म्हणजे तो पुन्हा कोणी बसविणार नाही.

डोळे : साधा पारदर्शक चष्मा पुरतो. वेल्डिंगच्या दुकानात किंवा हार्डवेअरमध्ये तो स्वस्त मिळतो.

इंधन : ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणजे बाटलीचे झाकण उघडताच ईथर वाफ होऊन निघू लागणार. ही वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते आणि दूरच्या विडीनेही पेटते. शिवाय ती गुंगी आणते. म्हणून हे काम सकाळी लवकर, उघड्यावर, चुलीपासून व विडीपासून दूर करावे. मिश्रण जाणत्या माणसाकडून थोडेच करून घ्यावे. जुने ईथर साठवू नये, कारण कालांतराने त्यात स्फोटक द्रव्य तयार होते. मिथेनॉल तर विषच आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, त्या दारूत हेच होते. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कोणतेही इंधन कदापि भरू नये. जवळ ओले गोणपाट व वाळूची बादली असावी.

सुरू करण्याची रीत

१. जागा झाडून घ्यावी. पंखा खडे व धूळ ओढून भिरकावतो. पाहणाऱ्यांनी पंख्याच्या मागे उभे राहावे. समोर किंवा पंख्याच्या रेषेत बाजूला कोणी नसावे, कारण पात तुटली तर ती बाजूलाच जाते. उपरणे, ओढणी, लोंबती बाही आणि गळ्यातील ओळखपत्राची दोरी आधी काढून ठेवावी.

२. सर्व बोल्ट व पंख्याचे नट पान्याने तपासावे. समोरून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. दाब लागू लागतो त्या वेळी एक पात समोरून दहाच्या आकड्याजवळ येईल अशा रीतीने तो बसवावा, म्हणजे झटका खालच्या दिशेने नीट देता येतो.

३. इंधनाची सुई दोन-तीन फेरे उघडावी. हवा आत जाण्याच्या तोंडावर बोट ठेवून पंखा हळूहळू दोन फेरे फिरवावा. नळीतून इंधन इंजिनापर्यंत आलेले दिसते. ग्लो इंजिनात हे काम सेल जोडण्यापूर्वीच करावे, कारण सेल जोडल्यावर पंखा केव्हाही फिरू शकतो.

४. आता पंखा पुन्हा एकदा सावकाश फिरवून पाहावा. तो मध्येच दगडासारखा अडला तर आत इंधन साचले आहे असे समजावे. द्रव दाबला जात नाही. जोर केला तर आतली दांडी वाकते. दाबाचा स्क्रू सैल करावा, इंजिन उलटे करून इंधन निथळू द्यावे. ग्लो इंजिनाचा प्लग काढून ते बाहेर काढावे. फार झटके मारूनही सुरू न होणारे इंजिन पुष्कळदा उपाशी नसते, जास्त प्यालेले असते.

५. दाबाचा स्क्रू किंचित सैल ठेवून दांडकीने चपळ झटका द्यावा आणि दांडकी त्याच ओघात पंख्याच्या बाहेर न्यावी. चार-पाच झटक्यांत काहीच झाले नाही तर स्क्रू एक अष्टमांश फेरा आवळावा व पुन्हा प्रयत्न करावा. पंखा उलट लाथ मारू लागला तर दाब जास्त झाला आहे किंवा इंधन जास्त झाले आहे. स्क्रू सैल करावा. घाम आला, राग आला, तर पाच मिनिटे बसावे. घाईत हात पुढे जातो.

६. इंजिन चालू झाले की आपण वळसा घालून मागे जावे. फिरत्या पंख्यावरून हात ओलांडू नये. सुई मागूनच फिरवावी. धूर जास्त आणि आवाज तुटक असेल तर इंधन जास्त आहे. आवाज चढत जाऊन इंजिन एकाएकी बंद पडत असेल तर इंधन कमी आहे आणि इंजिन तापते आहे. सर्वांत चढ्या आवाजापासून किंचित मागे, थोडे जास्त इंधन राहील असे ठेवावे. ग्लो इंजिनाचा सेलही मागूनच काढावा.

७. बंद करताना मागच्या बाजूने रबरी नळी चिमटीत दाबावी. डिझेलला बटण नसते. इंधन तुटले की ते थांबते. फडके फेकून पंखा अडवू नये.

८. काम संपल्यावर आतील इंधन जळून जाऊ द्यावे, रॉकेलचे काही थेंब घालून पंखा हाताने फिरवावा, मग हलक्या तेलाचे दोन थेंब सोडून कापडात गुंडाळून ठेवावे. एरंडेल सुकून चिकट रोगणासारखे होते. वर्षभराने अडकलेले इंजिन पकडीने ओढू नये. रॉकेलात भिजत घालावे, पूर्ण सुकवून किंचित ऊन दाखवावे, मग ते हळूहळू सुटते.

एवढे करूनही जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात वर ठेवावा आणि सरळ दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारावे. हळद भरून घरी बसू नये.

काटकसर कोठे करावी?

वरील यादी पाहिली तर ध्यानात येईल की दांडकी, स्टँड, गोणपाट, वाळू, झाडलेली जागा, मागे उभे राहणारे लोक, यांपैकी बहुतेक गोष्टींना जवळजवळ पैसा लागत नाही. पैसा लागतो तो चांगला पंखा, चांगली नळी, चष्मा आणि ताजे इंधन यांना. गरिबाला सुरक्षितता परवडत नाही, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ते मला पटत नाही. शेतावरच्या हँडलचेच उदाहरण घ्या. झिजलेली खाच वेल्डिंगवाल्याकडून भरून घेण्याला जो खर्च येतो, तो एका मजुराच्या थोड्या दिवसांच्या रोजात बसतो. मनगट मोडल्यावर मात्र अख्ख्या घराचे एक वर्ष जाते. अंगठा योग्य बाजूला ठेवायला तर काहीच लागत नाही. फक्त कोणीतरी तो कोठे ठेवायचा आणि का, हे सांगावे लागते. ‘का’ हे कळले म्हणजे माणूस सांगणारा समोर नसतानाही नियम पाळतो.

आज बॅटरीवर चालणारी मॉडेले व ड्रोन सर्वत्र झाली आहेत आणि इंजिनाची मॉडेले कमी दिसतात. दूरनियंत्रित मॉडेल उडविणाऱ्याने २०२१ च्या ड्रोन नियमांची माहिती करून घेतली पाहिजे. परंतु बॅटरीची मोटरही सूचना न देता फिरते आणि बोट तसेच कापते. पंखा बसवून बॅटरी जोडताना हेच नियम लागू होतात. तापीकाठी तर अजून कित्येक शेतांत, वीज गेली की, जुने इंजिनच कामी येते.

शेवटी एक विनंती. आपल्या महाविद्यालयात विज्ञान मंडळ आहे आणि एन.सी.सी.ही आहे. परीक्षा संपल्यावर एखाद्या सकाळी, प्राचार्यांच्या परवानगीने व प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, मैदानाच्या कडेला या छोट्या इंजिनाचे प्रात्यक्षिक करता येईल. त्याच वेळी शेतावरच्या इंजिनाचे हँडल कसे धरावे हेही दाखविता येईल. कला शाखेच्या मुलांनी व मुलींनीही यावे. पाणी भरण्याच्या पाळीला शाखा विचारत नाहीत. इंजिन दादा देतील, दांडकी मी तयार केली आहे. स्टँडसाठी एक जाड फळी तेवढी हवी आहे. कोणाच्या घरी जुन्या दाराची पडून असेल तर त्याने मला वर्गात भेटावे.